सालबर्डीच्या नाल्यातल्या पाच रेघा

६ एप्रिल, रविवार. अकोला.

आजपासून राग बंद. कायमचा.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणी उलटसुलट सांगायला नको. काल अमरावतीला भूशास्त्राचा परिसंवाद होता. डॉ. रागिणी वानखडे स्टेजवरून म्हणाली की सालबर्डीच्या जुन्या खडकांवर एकदाच दाब आला, एकदाच घड्या पडल्या, विषय संपला. ही रागिणी माझीच विद्यार्थिनी. कंपास उलटा धरायची, मी सरळ धरायला शिकवला. मी स्वतः एकोणीस वर्षांपासून पीएच.डी.त लिहून राहिलो की दाब दोनदा आला. दुसऱ्या दाबाचा पुरावा तेवढा मिळायचा आहे.

मी शांतपणे उठलो. शांतपणे माइक मागितला. माइकवाला म्हणाला, प्रश्न शेवटी. मी ओढला, त्याने ओढला, मी सोडला. त्याच्याच ओठावर बसला. तीन टाके. म्हणजे बघायला गेलं तर मी सोडून दिलं म्हणून लागलं. सोडून देण्याचे हे परिणाम. शिवाय माइक जड होता. आयोजकांनी हलके माइक आणावेत.

साधनाला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, या वर्षातला हा चौथा राग-बंद. गणिताची शिक्षिका घरात असली की हा त्रास असतो.

१३ एप्रिल, रविवार. सकाळी ११, मोर्शीच्या पुढे.

सापडलं.

अक्षर वाकडं येत आहे. अर्धं आनंदाने, अर्धं कुत्र्यामुळे.

क्रमाने लिहितो. वामनरावांना घेऊन सकाळी सहाला निघालो. वामनराव म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. एकतीस वर्षं दगड कापून राहिले, ऑगस्टमध्ये रिटायर होतील. माणूस चांगला, बोलणं कमी. मला असेच लोक आवडतात.

सालबर्डीच्या अलीकडे पार्बताबाई नावाच्या बाईंचा संत्र्याचा बगीचा आहे. बगीच्याच्या कडेने नाला. नाला मागच्या उन्हाळ्यात खोल केलेला, त्यामुळे काठाचा खडक छातीभर उघडा पडलेला. पट्ट्यापट्ट्यांचा नीस, म्हणजे जमिनीच्या पोटात तापून दाबला गेलेला खडक. त्यात सुंदर घड्या, चादर दोन्हीकडून सरकवावी तशा. त्यांचा अक्ष पूर्वेकडे, दहा अंश कललेला. इथपर्यंत रागिणी बरोबर.

पण त्या घड्यांना आडव्या, थेट नाल्याच्या तळाकडे उतरणाऱ्या रेघा! लिनिएशन! खडक ताणला की अंगावर ज्या रेघा येतात त्या. सरळ, खोल, एकमेकींना समांतर. आणि पाच-पाचच्या गटात. पाच रेघा, थोडी जागा, पुन्हा पाच. प्रत्येक दोन रेघांत एक वीत अंतर. एकोणीस वर्षांत असं शिस्तबद्ध लिनिएशन मी पाहिलेलं नाही. पुस्तकातही नाही.

दुसरा दाब. मिळाला. दाबाने खडकाचा आकार बदलतो त्याला विरूपण म्हणतात; माझ्या आडनावाने नाव आत्ताच ठरवून टाकतो: गावंडे विरूपण.

वामनराव म्हणाले, सर, एक सांगू काय. मी म्हणालो, आत्ता नको. ते थांबले.

कुत्रं बगीच्याचं. मी फक्त लाथ उगारली होती. कुत्र्याने उगारली नाही, सरळ चावलं. डावी पोटरी.

१४ एप्रिल, सोमवार.

सुट्टी. इंजेक्शन घेतलं. मग दिवसभर रेघांच्या दिशांची मापं वर्तुळाकार आलेखावर मांडली. त्रेसष्ट मापं, सगळी एकाच जागी येऊन पडली. पोस्टाचा शिक्का मारावा तशी. मी साधनाला दाखवलं. ती म्हणाली, निसर्गात इतकं नीट काही असतं का. तिला म्हणालो, गणितवाल्यांना निसर्ग कळत नाही. ती वह्या तपासायला निघून गेली. चहा माझा मी केला. कप फुटला. आपोआप.

२० एप्रिल, रविवार.

उजवा खांदा वर जात नाही. डाव्या हाताने लिहितो आहे, म्हणून थोडक्यात.

वामनरावांबरोबर नमुने घ्यायला गेलो. ऊन चव्वेचाळीस. पार्बताबाई बांधावर उभ्या. साठीच्या आसपास, आवाज बगीच्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा. म्हणाल्या, माह्या नाल्यात सोनं हाय काय, बाप्पा? मी खाली बसून समजावून सांगितलं. जमिनीच्या पोटात दगड तापून मऊ होतो. दाबला की घड्या पडतात. ताणला की कणकेसारखा लांबतो आणि रेघा येतात. घडी सांगते दाब कुठून आला, रेघ सांगते ताण कुठे गेला. एवढं सोपं मी एम.एस्सी.लाही शिकवलेलं नाही.

त्यांनी विचारलं, ह्या रेघा कवाच्या म्हनता?

मी म्हणालो, शंभर कोटी वर्षांच्या तरी.

त्या म्हणाल्या, "मागच्या उन्हाळ्याच्या पयले त नोत्या."

मी हसलो. असणं वेगळं, दिसणं वेगळं, असं म्हणालो. इथपर्यंत राग नव्हता हे नमूद करतो.

मग रेघांच्या वरच्या कडेला, त्यांना झाकत, एक लिंबाचं रोप आलेलं होतं, ते मी उपटलं. विज्ञानासाठी. ते त्यांनी मुलाच्या नावाने लावलेलं होतं असं मागाहून कळलं. संत्र्याच्या झाडांना टेकू द्यायच्या बल्ल्या बांधावर रचून ठेवल्या होत्या. त्यातली एक त्यांनी घेतली. दोन पाठीत, एक खांद्यावर. मी एकही परत मारली नाही. (बल्ली धरायला गेलो होतो. धरता आली नाही.)

वामनरावांनी त्यांना हात जोडले, रोप पुन्हा लावून दिलं, आळं केलं, नाल्यातलं पाणी घातलं. इतकं नमतं घ्यायची गरज नव्हती. गाडीत त्यांना तसं म्हणालो. जरा जोरात म्हणालो असेन. ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

२३ एप्रिल, बुधवार.

स्टाफरूममध्ये फोटो दाखवले. भूगोलाचे सर म्हणाले, नांगराच्या रेघा वाटतात. मी त्यांना बाजूला केलं. ते खडकांच्या कपाटावर पडले. काच फुटली, नर्मदेतून आणलेला जीवाश्म फुटला, भूगोलाच्या सरांचं मनगट मुरगळलं. प्राचार्यांनी लेखी खुलासा मागितला. लिहिलं: "मी त्यांना फक्त बाजूला केले." बाजूला करणे आणि ढकलणे यात फरक आहे. खडकशास्त्रात तर फार आहे.

राग बंद चालूच आहे. हा राग नव्हता, खेद होता.

२७ एप्रिल, रविवार.

ठरलं. ११ मे रोजी नाल्यातच कार्यशाळा. चौदा प्राध्यापकांना पत्रं गेली. त्यात रागिणीलाही. तिने स्वतः फोन केला. म्हणाली, सर, जवळून काढलेले फोटो पाठवता का आधी. मी म्हणालो, जवळून पाहायचं असेल तर जवळ ये. तिने विचारलं, वामनकाका कसे आहेत. बरे आहेत म्हणालो. मग म्हणाली, सर, त्यांना काय वाटतं त्या रेघांबद्दल.

अटेंडंटला काय वाटतं! पीएच.डी. झाली तरी मुलीची दृष्टी काही वर गेली नाही. फोन ठेवला. टेबलावर नीट ठेवला नाही, त्यामुळे स्क्रीनला तडा.

४ मे, रविवार. मोर्शी पोलीस ठाण्याचं बाकडं. दुपारी ३.

खालचे दोन दात हलत आहेत. वरचा एक नाही.

सकाळी वामनरावांना घेऊन रंगीत तालीम घ्यायला नाल्यावर गेलो, तर जेसीबी. पार्बताबाईंनी उरलेला नाला खोल करायला बोलावलेला. माझ्या लिनिएशनपासून वीस पावलांवर! मी हात केले, ओरडलो. ऑपरेटर हेडफोन लावून बसलेला. मी चाकावर चढलो. दार उघडलं. त्याला बाहेर काढलं.

त्याचं नाव मनोज. धारणीकडचा, पंचविशीचा, अंगाने किरकोळ. किरकोळ म्हणून मी थोडा गाफील राहिलो. मी त्याला दोन दिल्या. त्याने डोकं मागे घेतलं आणि माझ्या तोंडावर आणलं. मग आम्ही दोघे नाल्यात. मग मी वर. मग तो वर. वामनराव मध्ये पडले. कोणाचं तरी कोपर त्यांच्या बरगडीत बसलं. माझं नसावं.

ठाण्यात साहेबांनी विचारलं, भांडण कशावरून. मी म्हणालो, विरूपणावरून. त्यांनी लिहून घेतलं, "विद्रूपीकरणावरून". स्पेलिंग सुधारून देत होतो, तर बसा म्हणाले.

मनोज माझ्याच बाकड्यावर, नाकात कापूस. एकदाच बोलला. म्हणाला, "सर, म्या तुमचं काय केलं? म्या त माहं काम करून रायलो होतो."

मी तोंडावर रुमाल धरला. दाताला हवा लागत होती.

आपसात मिटलं. ११ तारखेपर्यंत तो खालच्या टोकाला काम करेल, माझ्या रेघांकडे येणार नाही. म्हणजे जिंकलो मीच.

६ मे, मंगळवार.

साधना म्हणाली, दात लावून घ्या, कार्यशाळा पुढे ढकला, आणि वामनरावांना आता तरी नेऊ नका, त्यांच्या बायकोचा फोन आला होता. मी विचारलं, काय म्हणाली. साधना म्हणाली, काही नाही, रडली.

मी भिंतीवर हात आपटला. भिंतीवर, हे महत्त्वाचं. करंगळी मोडली. साधनाने बर्फ आणून दिला, पिशवी भरली आणि भावाकडे भातकुलीला गेली. उन्हाळ्याची सुट्टी आहे, एरवीही जातेच. फक्त दरवर्षी लोणच्याची बरणी दाखवून जाते. या वेळी दाखवली नाही.

गावंडे विरूपण जाहीर झाल्यावर येईल.

१० मे, शनिवार.

भाषण पाठ. दात नसल्यामुळे "विरूपण" म्हणताना शिट्टी वाजते. आरशासमोर चाळीस वेळा म्हटलं. आता कमी वाजते.

वामनराव येतो म्हणाले. मी जबरदस्ती केलेली नाही. "येताय ना?" एवढंच विचारलं.

११ मे, रविवार.

लिहायचं नव्हतं. पण वस्तुस्थितीची नोंद हवी.

साडेनऊला सगळे जमले. चौदा जण, टोप्या, पाण्याच्या बाटल्या. पार्बताबाई बल्लीला टेकून बांधावर. मनोजचा जेसीबी खालच्या टोकाला, बंद. मी घड्या दाखवल्या. मग रेघा. माझ्या मते भाषण उत्तम झालं. एक-दोघांनी माना हलवल्या.

रागिणी रेघांजवळ उकिडवी बसली. बोट फिरवलं. एका रेघेच्या टोकाची माती नखाने काढली. नखावर पिवळा रंग. तिने तो पुसला, कोणाला दाखवला नाही. मी पाहिला. मला तो गंधकाचा वाटला.

मग तिने वामनरावांकडे बघितलं. वामनराव खाली बघत होते. तिने हळूच विचारलं, काका, तुम्हाला माहीत होतं? वामनरावांची मान हलली. होय म्हणूनच हलली.

ती चालत मनोजकडे गेली. काय बोलली ते ऐकू आलं नाही. जेसीबी सुरू झाला, हळूहळू वर आला. मी आडवा जाणार होतो, पण सगळे पाहत होते. मनोजने बकेट खाली आणली. अलगद. खडकाला टेकवली. बकेटचे पाच दात पाच रेघांत बसले. जागा उरली नाही.

कोणी हसलं नाही. मग मागून एक जण हसला. मग तो खोकला म्हणून दाखवू लागला.

मनोज म्हणाला, मागच्या उन्हाळ्यात म्याच कोरला होता सर हा काठ. कुजका गोटा हाय, दात घुसते. आणि माझ्याकडे पाहून थांबला. माफी मागितल्यासारखा.

रागिणी म्हणाली, "सर, रेघा सोडून द्या. फोल्ड खरे आहेत. तुम्ही ते माझ्यापेक्षा चांगले मोजलेत. त्यावर पेपर होतो. आपण दोघं लिहू."

हे तिने सगळ्यांसमोर म्हटलं. मला दया नको होती. मी हातोडा उचलला. खडकाचा ताजा पृष्ठभाग दाखवायचा होता, आतही रेघा आहेत हे सिद्ध करायचं होतं. दुसरा कोणताही उद्देश नव्हता. रागिणी तिथे उभी होती हा योगायोग.

वामनराव कशाला मध्ये आले कळत नाही. ते धावत आले आणि तिच्यासमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले. माझ्याकडे तोंड करून.

मी हातोडा वळवला. वर, काठावर मारला. पूर्ण ताकदीने. जेसीबीने खालून पोखरलेला काठ होता. वरचा मोठा धोंडा सुटला.

रागिणीला त्यांनी ढकललं. त्यांचा स्वतःचा पाय राहिला.

आवाज फार झाला नाही. वामनरावांचाही नाही.

आम्ही पंधरा भूशास्त्रज्ञ त्या दगडाला हात लावत होतो, तो हलत नव्हता. मनोज ओरडला, सरका. त्याने बकेटचं एक टोक दगडाखाली घातलं आणि इतक्या सावकाश उचललं की मी श्वास धरून होतो. पार्बताबाईंनी लुगड्याचा पदर फाडून पाय बांधला. दोन माणसांनी धरून गाडीत ठेवलं. माझ्या गाडीत नाही. रागिणीच्या.

मी नाल्यातच राहिलो. हातोडा हातात होता. पार्बताबाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला. बल्ली उचलली नाही. नुसतं काढून घेतला, जसं लहान पोराच्या हातातून काढतात.

१२ मे, सोमवार.

विचार केला. काठ मुळातच अस्थिर होता. जेसीबीने पोखरला होता. कार्यशाळेच्या सुरक्षिततेची जबाबदारी सगळ्यांची असते. वामनरावांना मी मध्ये या म्हटलेलं नाही. हातोडा वर मारला, माणसावर नाही.

हे सगळं मुद्देसूद लिहून प्राचार्यांना पाठवायचं. दहा मुद्दे काढले. चौथ्या मुद्द्याला पेनची निब तुटली.

१३ मे, मंगळवार.

अमरावतीहून रागिणीचा मेसेज. नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, सळई टाकली. पायाची दोन बोटं काढावी लागली. एवढंच. कुठेही "सर" नाही.

१५ मे, गुरुवार.

पोलीस दवाखान्यात जाऊन वामनरावांचा जबाब घेऊन आले. मी दिवसभर फोनपाशी बसून होतो. संध्याकाळी ठाण्यातून फोन: वामनराव खंडारे यांनी सांगितलं की उन्हाने तडकून दरड आपोआप कोसळली, कोणावर संशय नाही. पुन्हा विचारलं तरी तेच सांगितलं. बाकीचेही मग गप्प राहिले.

शेवटी सत्य बाहेर आलं. दरड खरोखरच तडकलेली होती, मी स्वतः पाहिली होती. वामनरावांना माझ्याबद्दल आदर आहे हे मला कायम माहीत होतं. एकतीस वर्षं काही उगाच होत नाहीत. शनिवारी भेटायला जातो. संत्र्यांचा हंगाम नाही, मोसंबी नेतो. त्यांना सांगणार आहे की पेपर लिहिला तर आभारात पहिलं नाव तुमचं.

१७ मे, शनिवार. अमरावती. दुपार.

साधना भातकुलीहून परस्पर दवाखान्यात आली होती. माझ्या आधी. वामनरावांच्या बायकोला जेवायला खाली पाठवून स्वतः त्यांच्यापाशी बसलेली. मला पाहून तिने खुर्ची सरकवली.

वामनराव बारीक वाटले. पाय लोखंडात. मी मोसंबी ठेवली. तब्येत विचारली. बरी हाय सर, म्हणाले. मी म्हणालो, जबाबाबद्दल कळलं, तुम्ही खरं तेच सांगितलंत. ते म्हणाले, "जाऊ द्या सर. तीन महिने रायले, सुखानं जाऊ द्या."

मी म्हणालो, म्हणजे काय?

ते पंख्याकडे पाहू लागले.

मग मी विचारलं, तुम्हाला रेघांचं माहीत होतं तर बोलला का नाहीत. शांतपणेच विचारलं. साधना साक्षीला आहे.

त्यांची उशी घसरून मान वाकडी झाली होती. मी उठलो आणि उशी नीट करायला हात पुढे केला.

वामनरावांनी डोळे घट्ट मिटले आणि कोपर तोंडावर घेतलं.

सलाइनची नळी ताणली गेली, बाटली दांड्यावर हलली. शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. थोड्या वेळाने वामनरावांनी कोपर खाली घेतलं, डोळे उघडले, आणि मलाच म्हणाले, माफ करा सर, सवय हाय.

साधनाने उशी नीट केली.

मी खुर्ची मागे घेतली. हात कुठे ठेवावेत कळेना. मग दोन्ही मांडीखाली घातले आणि हातांवर बसून राहिलो, वामनरावांची बायको वर येईपर्यंत.